पिवळ्या रेषेच्या अलीकडे

लेकाच्या शाळेत ग्रँडपेरेंट्स डे होता म्हणून आईला गावाहून बोलावून घेतलं. तिनं ठेवणीतली नारायणपेठ काढली, रात्रीच केसांना तेल चोपडलं आणि सकाळी नऊच्या ठोक्याला आम्ही गेटवर हजर. या शाळेच्या गेटमधून आत शिरलं की चार पावलांवर फरशीवर एक पिवळी रेषा मारलेली आहे. पालकांनी तिच्या अलीकडे थांबायचं, मूल तिथं सोडायचं, आतून टीचर येऊन हात धरून नेणार. रोज सकाळी त्या रेषेवर निम्मी मुलं रडत असतात आणि निम्मे पालक त्या रडण्याचा व्हिडिओ काढत असतात.

त्या दिवशी आजी-आजोबांना मात्र रेषा ओलांडायची मुभा होती. आत हॉलमध्ये पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, फुग्यांची कमान. मुलांनी दोन गाणी म्हटली, एक नाच केला. आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला पुठ्ठ्याचा एक मुकुट आणि ज्यूसचं खोकं मिळालं. आईनं शेजारून जाणाऱ्या टीचरला हळूच विचारलं, “आम्ही काय करायचं?” ती बिचारी घाईत होती. म्हणाली, “काही नाही काकू, तुम्ही फक्त एन्जॉय करा.”

परत येताना रिक्षात आई मुकुट मांडीवर घेऊन गप्प बसली होती. मला वाटलं, दमली. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, “चाळीस म्हातारी माणसं आणून बसवली आणि एकाकडूनही काही करून घेतलं नाही. माझ्या अंगणवाडीला कधी मिळाली असती गं एवढी माणसं?”

आई चौतीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. गाव नारायणगावपासून दहा-बारा किलोमीटरवर. तिला रुजू करून घेतलं तेव्हा मी तीन वर्षांची होते, त्यामुळे तिच्या पहिल्या हजेरीपत्रकावर माझं नाव आहे. घरातलं मूल आयतंच पटावर. तेवढीच एकानं संख्या वाढली.

घरी आल्यावर मी शाळेचं माहितीपत्रक पुन्हा एकदा काढलं. प्रवेश घेताना वाचलं होतं, पण तेव्हा लक्ष फीच्या पानावर होतं. त्यात छान गुळगुळीत कागदावर लिहिलेलं होतं की आमची पद्धत इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या शाळांवर आधारलेली आहे. पुण्यात हल्ली दर दोन गल्ल्यांआड एक रेज्जो आहे. नाव भारदस्त वाटतं आणि कुणी विचारत नाही. मी मात्र विचारायचं म्हणून वाचत गेले, आणि जे सापडलं ते वाचून त्या पिवळ्या रेषेचं मला हसूच आलं.

1945 चा वसंत. युद्ध संपून काही दिवसच झालेले. रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला नावाच्या खेड्यातल्या लोकांनी ठरवलं की आपल्या लेकरांसाठी आपणच शाळा बांधायची. पैसा कुठून आणला? पळालेल्या जर्मन सैन्यानं मागं टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे होते, ते विकून. बॉम्बनं पडलेल्या घरांच्या विटा गोळा केल्या, नदीतली वाळू उपसली आणि आई-बापांनी हातानं भिंती उभ्या केल्या. लोरिस मालागुझ्झी नावाच्या तरुण शिक्षकाच्या कानावर ही बातमी गेली. खरं काय ते बघायला तो सायकल मारत तिथं गेला आणि पुढं जन्मभर त्याच कामाचा झाला. म्हणजे ज्या पद्धतीचा पायाच पालकांनी खणला, तिच्या नावानं चालणाऱ्या शाळेत पालकांना चार पावलांच्या पुढं प्रवेश नाही.

पण 1945 हा आकडा माझ्या डोक्यात वेगळ्याच कारणानं वाजला. आईच्या ट्रेनिंगच्या वहीत पहिल्याच पानावर हे साल होतं. बाजूला लिहिलेलं, बोर्डी.

डहाणू तालुक्यातलं, समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं बोर्डी. ताराबाई मोडक तिथं आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातली प्राचार्यपदाची नोकरी त्यांनी कधीच सोडली होती, भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम केलं होतं, 1926 साली निघालेल्या नूतन बालशिक्षण संघाचा भार वाहिला होता, दादरला शिशुविहार चालवलं होतं. शहरातल्या चांगल्या घरची मुलं स्वच्छ कपडे घालून येत होती, माँटेसरीची साधनं हाताळत होती. ताराबाईंना मात्र खेड्यात जायचं होतं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. बालविधवा, पुण्यात हुजूरपागेत शिकवत होत्या, वय पस्तीस. दोघींनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि मग जे कुठल्याही नव्या शाळेचं होतं तेच झालं. ज्या मुलांसाठी ती काढली ती मुलं येईनात. हरिजनवाड्यातली मुलं बालवाडीच्या आवाराकडे फिरकत नव्हती.

इथं दोन वाटा असतात. एक म्हणजे ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही’ असा अहवाल लिहायचा. तो आजही लिहिला जातो, फक्त टाईप करून. दुसरी वाट या बायकांनी धरली. बालवाडी उचलली आणि वाड्यातल्या अंगणात नेऊन मांडली. तिथंच मुलांची तोंडं धुणं, नखं काढणं, केस विंचरणं, गाणी, गोष्टी. महागडी लाकडी साधनं होती कुठं तिथं? शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, माती. अंगणबालवाडी म्हणतात ती हीच. पुढं कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं तेव्हा पोरं गुरांमागं रानात जातात म्हणून शाळाही कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली, ती विकासवाडी. थोरल्या बहिणीला धाकट्याला सांभाळायचंय म्हणून शाळा बुडते ना? मग धाकट्यालाही घेऊन ये.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट कुठली वाटते सांगू? अंगणात शाळा भरली की घराला शाळा दिसते. चुलीपाशी बसलेल्या बाईला दारातून सगळं ऐकू येतं. आपल्या पोरानं काय केल्यावर बाई हसल्या, हे ती बघते. ओट्यावरची म्हातारी गाण्यातला चुकलेला शब्द आतून सुधारून देते. हे कुठल्याही पालकसभेत होत नाही.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगण हा शब्द सरकारी कागदावर चढला. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं, आईला पोषण-आरोग्याचं शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. आमच्या गावाला यातली एकच कळली. ‘खाऊची शाळा’ म्हणायचे लोक. आईला सुरुवातीला राग यायचा, नंतर येईनासा झाला. “भुकेल्या पोराला अ आ इ शिकवून दाखव,” म्हणायची.

आमची अंगणवाडी मात्र खरोखरच अंगणात, म्हणजे आमच्या घराच्या पडवीत भरायची. ती तिथं कशी आली हा किस्सा गोड नाही. पंचायतीनं आधी मारुतीच्या देवळाचा सभामंडप दिला होता. मदतनीस म्हणून नेमणूक झालेल्या मावशी बौद्धवस्तीतल्या होत्या. मुलांना बोलावून आणायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची हे काम त्यांचं. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सभामंडपाची किल्ली सापडेना. चौथ्या दिवशीही सापडेना. कुणी तोंडानं अवाक्षर बोललं नाही, फक्त किल्ली हरवली. आईनं आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी पातेलं, सतरंजी, पाटी असं सगळं उचलून आमच्या पडवीत आणलं.

आता पहिला विरोध घरातूनच. माझी आजी, म्हणजे आईची सासू, कडक सोवळ्यातली नव्हती, पण आपल्या पडवीत मावशींनी चूल मांडावी हे तिला पटेना. वडील नेहमीप्रमाणे शेतात निघून गेले. मुलं गेल्यावर आजी पडवीत गोमूत्र शिंपडायची, ते आई बघायची आणि बोलायची नाही. गावातली काही मुलं घरून डबा आणायची, खिचडीच्या पंगतीला पाठ करून बसायची. आई रोज पहिली पंगतीला बसायची, शेजारी मला बसवायची, आणि मावशींनी वाढलेला पहिला घास खायची. एवढंच. भाषण नाही.

मग एकदा मावशी तापानं फणफणल्या. आई लसीकरणाच्या गडबडीत. तीस पोरं भुकेली आणि त्यातली चार-पाच रडायला लागलेली. आजीनं थोडा वेळ बघितलं आणि पदर खोचून स्वतः पातेलं चढवलं. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, आणि खरवड चाखून म्हणाल्या, “काल मीठ कमी होतं जनू.” आजी उसळली. “माझ्या हाताला मीठ कमी? आज तू कर, मी बघते.” त्या दिवसापासून दोघींचं रोज मिठावरून भांडण. आजी चुलीच्या बाजूला पाट घेऊन बसायची आणि मावशींना सूचना द्यायची. मुलांना दोन-दोन कान मिळाले तक्रार करायला. डबे हळूहळू बंद झाले. दोन घरांचे मात्र शेवटपर्यंत झाले नाहीत, आणि आजीनं मावशींची चहाची कपबशीही शेवटपर्यंत वेगळीच ठेवली. फळीवर, डाव्या कोपऱ्यात. मला ती कपबशी अजून दिसते. निळी फुलं होती तिच्यावर.

‘लोकसहभाग’ हा शब्द मी आता कागदोपत्री वाचते तेव्हा मला ती कपबशी आठवते. कागदावर समाज म्हणजे कुणी एक भला गृहस्थ असतो, बोलावलं की येतो, श्रमदान करतो, फोटोला उभा राहतो. खऱ्या समाजात किल्ली हरवणारेही असतात, आणि त्यांची नातवंडंही तुमच्याच पटावर असतात. त्यांना वगळून शाळा चालवता येत नाही, आणि त्यांचं ऐकून तर मुळीच चालवता येत नाही.

याच आजीची दुसरी बाजू सांगते. महिन्यातून एकदा मुलांची वजनं घ्यायची असायची. तुळईला टांगलेला काटा, खाली कापडाची झोळी. आया वजन करू द्यायला तयार नसत. “तराजूत धान्य घालतात बाई, लेकरू नाही.” दृष्ट लागते, मूल वाळतं, मोजलेलं वाढत नाही. आईनं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं सांगून पाहिलं, कुपोषणाच्या श्रेण्यांचा तक्ता दाखवला. बाया मान डोलवायच्या आणि वजनाच्या दिवशी मुलाला माहेरी घेऊन जायच्या. आई रोज मला झोळीत घालून सगळ्यांना दाखवायची, त्याचाही उपयोग नाही. “बाईंची पोर सरकारी आहे,” असं एक जण म्हणाली म्हणे.

शेवटी तोड आजीनं काढली. सरकारी झोळी तिनं बाजूला फेकली आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याची झोळी शिवली. मऊ, धुऊन धुऊन विटलेली. काट्याशेजारी पाट टाकून बसली. मूल झोळीतून उतरलं की लगेच मीठ-मोहऱ्या उतरवायची, कानामागं काजळाची तीट, आणि मुठीतलं सगळं मावशींच्या चुलीत. मिरच्यांचा खकाणा उठला की बाया समाधानानं खोकायच्या. तिसऱ्या महिन्यात पटावरच्या एकूण एक मुलाचं वजन झालं. तिसऱ्या श्रेणीत घसरलेली दोन मुलं तेव्हाच सापडली. त्यातल्या एकाच्या आजीला आईनं नाही, माझ्या आजीनं झापलं, “तीट लावून पोट भरत नाही गं, दोनदा खाऊ घाल त्याला.”

एकदा नेमक्या याच मुहूर्तावर मुख्यसेविका तपासणीला आल्या. सरकारी केंद्रात मिरच्यांचा धूर बघून त्यांचा चेहरा पडला. आईनं मुकाट्यानं वजनाचं रजिस्टर पुढं केलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, सही केली, आणि निघताना आजीशेजारी टेकून म्हणाल्या, “आमचा धाकटा फार किरकिर करतो हो हल्ली.”

कॉलेजात असताना मला या सगळ्याची लाज वाटायची. अंधश्रद्धा पोसली म्हणून आईशी भांडलेही होते. आता तसं वाटत नाही. आजीला मिठाची ताकद खरी वाटत होती की नाही, मला माहीत नाही. आयांना मूल मोजायची भीती वाटते आणि ती भीती प्रेमातली आहे, हे तिला कळलं होतं. ते कळल्याशिवाय तक्ता भिंतीवर राहिला असता आणि मुलं माहेरी.

साखर कारखान्याची ऊसतोड सुरू झाली की गावाबाहेर पाचटाच्या कोप्या पडायच्या. टोळीतल्या मुलांची नावं सर्व्हेत नसत, आणि सर्व्हेत नाव नाही म्हणजे आहारही नाही. आई लापशीत पाणी वाढवायची. आठेक वर्षांची एक मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन यायची आणि पडवीच्या पायरीवर बसायची. आत ये म्हटलं तर येईना, कारण तिचं वय अंगणवाडीचं नाही हे तिला कुणीतरी आधीच्या गावात सांगितलं होतं. आईनं तिला विचारलं, “तुला काय येतं?” दुसऱ्या दिवशी ती उसाची कांडी आणि वाढे घेऊन आली आणि सगळ्या पोरांना उसाची बैलगाडी करायला शिकवली. चाकं नीट फिरायची. चार महिने ती आमच्याकडे ‘छोट्या बाई’ होती. हंगाम संपून पट्टा पडला, टोळी निघून गेली. मोडक्या बैलगाड्या कितीतरी दिवस पडवीत होत्या.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण आईच्या पिढीच्या गोष्टी सांगताना तिच्यावर साखर घोळली जाते. आईला जे मिळायचं ते वेतन नव्हतं, मानधन होतं. आजही सेविकांना मिळतं ते मानधनच. आकडा वाढला, पण कामही वाढलं, आणि आता रजिस्टरांच्या जोडीला मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर आलं. 2023 च्या डिसेंबरात राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि संप पन्नास दिवसांवर चालला. आई निवृत्त झालेली, पण रोज बातम्या बघायची. घर, शाळा आणि गाव यांची भागीदारी म्हणतो आपण. दुकानात भागीदारी असती तर एका भागीदारानं असं मानाच्या धनावर काढलं असतं का?

2022 च्या जूनमध्ये मी गावी होते. करोनाची दोन वर्षं अंगणवाड्या बंद राहिल्यानं पहिलीत येणारी पोरं कोरीच येणार होती, म्हणून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारीचं अभियान सुरू झालं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मेळावा होता. पताका, रांगोळी, दाखलपात्र मुलांची गाण्याच्या तालावर मिरवणूक. मैदानात नोंदणीपासून सात टेबलं मांडलेली. कुठं मूल दोरीवरून चालतंय, कुठं चित्र बघून बोलतंय, कुठं वस्तूंचं वर्गीकरण करतंय. प्रत्येकाच्या हातात विकासपत्र. शेवटच्या टेबलावर आयांना आयडिया कार्ड देत होते: घरात भांडी लावताना लहान-मोठी लावायला सांगा, कपड्यांच्या घड्या घालताना जोड्या जुळवायला सांगा. वस्तीवस्तीत माता पालक गट केलेले, पाच-सहा जणींचा एक, त्यांनी आठवड्याला जमून मुलांकडून असलं काहीबाही करून घ्यायचं. आई एकेका टेबलापाशी थांबून बघत होती, आणि मी तिच्याकडे. पडवीतलं सगळं छापील होऊन समोर आलेलं. “बरं केलंय,” ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पण मेळाव्याला सगळ्या बायाच. बाप लोक शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले, काही मोटरसायकलवर एक पाय टेकवून. म्हणजे पिवळी रेषा इथंही होती, फक्त कुणी आखलेली नव्हती. गटाचं नावच माता पालक, मग ते तरी कशाला उतरतील? मला हे खटकतं. घराला शाळेशी जोडायचं म्हणून निघालेलं प्रत्येक काम शेवटी घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतं, आणि ते डोकं आधीच हंडा, सरपण, बचत गटाचा हप्ता यांनी भरलेलं असतं. कायद्यात बघावं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात म्हटलंय, आणि ते चांगलंच आहे. पण तो कायदा सहा वर्षांपासून पुढचा. तीन ते सहा ही वर्षं 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं पायाभूत टप्प्यात घेतली खरी, पण अंगणवाडीत किंवा आमच्या पुण्याच्या शाळेत पालकांच्या हातात काय, तर बोलावलं की जायचं.

आई भिंतीकडे गेली. तिथं बसलेल्यांतले निम्मे तिच्याच पडवीत खिचडी खाऊन मोठे झालेले. एक जण पिकअप चालवतो, टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या मार्केटला माल नेतो. बाई दिसल्यावर सगळे खाली उतरले. तिनं त्यालाच धरलं.

“तुझी पोरगी आहे ना रे आत?”

“हाय की बाई. तिची आई हाय बरोबर.”

“तू काय करतोस मग इथं?”

“आमाला काय कळतंय त्यातलं.”

“क्रेट कोण मोजतं गाडीत भरताना?”

“मीच.”

“तोंडानं मोजतोस का मनात?”

तो हसला. “मनातच की.”

“उद्यापासून तोंडानं मोज. मोठ्यानं. आणि पोरीला बोनटवर बसव.”

दिवाळीत गेले तेव्हा तो रस्त्यात भेटला. हसत तक्रारच सांगत होता. पोरगी आता गाडी हलू देत नाही, पंचवीस-पंचवीसचे ढीग लावा म्हणते, आणि मधे एखादा क्रेट कुणी सरकवला तर पहिल्यापासून मोजायला लावते. व्यापारी वैतागलेत. “बाईंना सांगा, एक टायम मार्केट चुकलं माझं तिच्यापायी.”

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी लेकाच्या टीचरशी बोलायला गेले. रेषेच्या अलीकडूनच. मनातून तयारी भांडणाची होती. पण ती मुलगी बोलायला लागली आणि माझं भांडण विरघळलं. वर्गात अठ्ठावीस मुलं, मदतीला एक ताई. सगळ्या पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात रात्री अकराला विचारणा येते की आज माझ्या मुलानं डबा का संपवला नाही. कुणी सीसीटीव्ही बघून फोन करतं की माझं मूल कोपऱ्यात का बसलंय. रेषा मॅनेजमेंटनं आखली खरी, पण तिला ती हवीच होती. “मॅडम, पालक आत आले की मुलांकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात,” ती म्हणाली. काय खोटं होतं त्यात? आम्ही फी भरून मूल ठेवतो आणि पावती मागितल्यासारखे फोटो मागतो.

मी म्हटलं, आई महिनाभर इथं आहे, एका शुक्रवारी येऊ दे का तिला? काही बसवायला नको, मुकुट नको. मटार सोलेल.

“मटार?”

“मटार.”

आठ दिवसांनी वरून परवानगी आली. आई दोन किलो मटार पिशवीत घालून गेली. जमिनीवर जुनी चादर अंथरली, वर्तुळात पोरं बसवली आणि गप्प राहून एक शेंग उघडली. टक्‌. एवढ्यावर अठ्ठावीस पोरं शांत झाली, असं टीचर सांगत होती. मग कुणाच्या शेंगेत सात, कुणाच्या चार, एकाच्या शेंगेत अळी. अळीचं नाव ठेवलं गेलं. आईनं ते किती हे एकदाही विचारलं नाही, पोरंच एकमेकांना ओरडून सांगत होती. तासाभरानं वाटीत दाणे फारच थोडे उरले, बाकीचे पोटात. दारातून बघणारा वॉचमन दादा न राहवून आत आला आणि खालच्या टरफलाची पिपाणी करून वाजवून दाखवली. तो बुलढाण्याकडचा, शेती सोडून आलेला. दोन वर्षं त्या गेटवर आहे, मुलांनी त्याला हात वर करून ‘थांबा’ म्हणण्यापलीकडे काही करताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ग्रुपवर गदारोळ. एका पालकांनी लिहिलं, कच्चे मटार खायला देण्याआधी विचारायला हवं होतं, घशात अडकू शकतात. मुद्दा रास्त होता, आईलाही पटला. ती म्हणाली, पुढच्या वेळी चार-चार पोरं घेऊन बसू, एकदम नाही. दुसऱ्या एकानं अळीबद्दल लिहिलं. त्याखाली एका आजोबांचा निरोप, सुनेच्या फोनवरून: मला कागदाच्या होड्या सात प्रकारच्या येतात, मी येऊ का?

रविवारी टीचरचा फोन आला. आईशी बोलायचं होतं. मी स्पीकर चालू केला.

“काकू, या शुक्रवारी काय आणाल?”

“मी काही नाही आणणार आता,” आई म्हणाली. “तुमच्या त्या गेटवरच्या दादांना विचारा. त्यांना दोरी वळता येते. मी परवा निघताना विचारून ठेवलंय.”